रात्रीच्या फोटोत शेवभाजी काळी का दिसते?

ताई, तुमचा प्रश्न आधी मांडते. तुम्ही भुसावळला घरून डबे देता: शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, रविवारी वरण-बट्टी. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, म्हणून रोज फोटो टाकावा लागतो. स्वयंपाक उरकेपर्यंत संध्याकाळचे सात वाजून जातात. मग फोटोत शेवभाजी काळी, भरीत राखाडी, भाकरी हिरवट दिसते आणि रश्श्यावर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी पडते. हजार रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. रिंग लाइट घ्यावा की फोनच बदलावा, असं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते दोन्ही घेऊ नका. तुमच्या स्वयंपाकघरात उजेड कमी नाही. तो तीन-चार ठिकाणांहून येतो, प्रत्येकाचा रंग वेगळा आहे आणि बहुतेक सगळा डोक्यावरून पडतो. फोन बदलला तरी हेच दिसेल, फक्त जास्त स्पष्ट दिसेल. पदार्थावर एकच उजेड पडू द्यायचा, तो ताटापेक्षा मोठा हवा आणि पदार्थाच्या मागून-बाजूने यायला हवा. एवढं जमलं की तुमच्या आहे त्याच फोनवर चांगले फोटो येतील. बाकीच्या गोष्टी तुमच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, भिंतींना कुठला रंग आहे, फोनमध्ये प्रो मोड (उजेड-रंगाची सेटिंग हाताने करता येते तो) आहे का आणि त्या दिवशी ताटात काय आहे, यावर ठरतील. त्यामुळे खालची मापं सुरुवात म्हणून धरा, मग वाटीकडे बघून इंच-दोन इंच सरकवा.

आधी काळ्या रश्श्याचं कारण बघू, कारण ते कळलं की निम्मं काम झालं. रश्श्याचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो. कॅरममध्ये स्ट्रायकर कडेवर ज्या कोनात आदळतो त्याच कोनात पलीकडे जातो, तसाच उजेडही रश्श्यावरून उसळतो. तुमच्या पाठीमागच्या दिव्याचा उजेड वाटीवर पडून पुढे, पलीकडच्या भिंतीकडे निघून जातो. फोनकडे काहीच परत येत नाही, म्हणून काळ्या मसाल्याचा रस्सा विहिरीसारखा दिसतो. ट्यूब डोक्यावर असेल आणि तुम्ही वरून फोटो घेतला, तर उजेड सरळ वर, फोनमध्ये परततो. तीच ती पांढरी पट्टी. दिवा वाटीच्या मागे, जरा बाजूला असेल तर मात्र उजेड रश्श्यावरून घसरत फोनकडे येतो. मग तर्री चमकते, शेवेच्या कडा उठून दिसतात, रस्सा दाट आहे की पातळ तेही कळतं. रिंग लाइट तर बरोबर फोनच्या तोंडाशी असतो. त्याने सावल्या पुसल्या जातात, पदार्थ चपटा होतो आणि रश्श्यात एक गोल पांढरं कडं उमटतं. माणसाच्या चेहऱ्याला तो ठीक आहे, रश्श्याला नाही.

दुसरा घोळ रंगाचा. बल्बच्या खोक्यावर ३०००के, ४०००के, ६५००के असं छापलेलं असतं. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका पांढरा-निळसर. फोनला यातला कुठलाही एक रंग सुधारता येतो. पण ओट्यावर ६५००ची ट्यूब, चिमणीत पिवळा दिवा आणि मागे देवघरातला ३०००चा बल्ब असेल, तर फोन पिवळा सुधारायला जातो आणि भाकरीची पांढरी बाजू निळी करून ठेवतो. जुन्या, काचेच्या ट्यूबच्या उजेडात हिरवा रंग जास्त असतो, तुमची भाकरी हिरवट होते ती बहुधा त्यामुळे. म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. फोटोच्या वेळी एक दिवा ठेवून बाकी सगळे बंद करा. पॅसेजमधला आणि फ्रिजच्या वरचासुद्धा.

भिंतीही रंग देतात. पिस्ता किंवा निळ्या भिंतीला लागून ताट ठेवलं की तो रंग भातावर उतरतो. उन्हाळ्यात आपल्याकडे गॅलरीला आणि अंगणाला हिरवी जाळी लावतात. तिच्याखालून आलेला उजेड डोळ्याला थंड वाटतो, पण फोटोत जेवण आजारी दिसतं. जाळी सरकवता येत नसेल तर त्या खिडकीचा नाद सोडा.

आता दिवसाच्या उजेडाबद्दल, कारण त्याला पैसे पडत नाहीत. रोजचा फोटो रात्री काढावा लागला तरी मेन्यूतल्या आठ-दहा पदार्थांचे कायमचे फोटो एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी काढून ठेवा. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, तिच्यातून जवळजवळ वर्षभर मऊ उजेड येतो. पूर्वेच्या खिडकीत सकाळी दहा-साडेदहापर्यंत थेट ऊन असतं, त्यानंतर ती कामाची. दक्षिणेच्या खिडकीचा हिशेब आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतो. जळगाव-भुसावळ साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी ४५ अंशांच्या आसपास राहतो आणि ऊन थेट ओट्यावर येतं. मेमध्ये जमलेली जागा थंडीत का बिघडली, याचं उत्तर इथे आहे.

थेट ऊन आलं तर खिडकीवर पांढरं सुती धोतर दुपदरी करून ताणून लावा, चिमटे पुरतात. पांढरं म्हणजे खरोखर पांढरं. नीळ दिलेलं किंवा पिवळं पडलेलं कापड स्वतःचा रंग देतं. ताट खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खिडकी ताटाच्या डाव्या किंवा उजव्या हाताला आणि जराशी मागे. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलात तर रस्सा पुन्हा काळा होईल आणि तुमची सावलीही ताटावर पडेल.

जाड भिंतींच्या, बारक्या खिडक्यांच्या जुन्या धाब्याच्या घरात खिडकीऐवजी दार वापरा. ओसरीच्या दारात, उन्हाची रेघ जिथे संपते त्याच्या आत दोन फूट पाट ठेवायचा. हा उजेड फार सुंदर असतो, फक्त आकाशाच्या निळाईमुळे किंचित थंड पडतो. फोनच्या व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे रंगाच्या सेटिंगमध्ये, सावलीचं किंवा ढगाळ हवेचं चिन्ह निवडलं की ऊब परत येते.

रात्रीसाठी मी जे करायला सांगते तो पुठ्ठ्याचा खोका. किराणा दुकानातून बिस्किटांचा किंवा वेफर्सचा मोठा खोका घ्या. तोंड साधारण १८ इंच बाय १८ इंच आणि खोली किमान १२ इंच हवी. तोंडाकडची झाकणं कापून टाका. आतून सगळीकडे पांढरा ड्रॉइंग पेपर चिकटवा. बरेच जण अॅल्युमिनियम फॉइल लावायला सांगतात. फॉइलने उजेड वाढतो खरा, पण त्याचे ठिपके-पट्टे पडतात आणि ते रश्श्यात जसेच्या तसे दिसतात. मला पांढरा कागदच बरा वाटतो. मागच्या बाजूला एक लाकडी पट्टी आडवी बसवून तिच्यावर दोन बल्ब-होल्डर एकमेकांपासून सहा-सात इंचांवर स्क्रूने घट्ट करा. होल्डर नुसत्या पुठ्ठ्यावर लावू नका, वजनाने पुठ्ठा फाटतो आणि वायर ओढली जाते. वायरची जोडणी स्वतः केलेली नसेल तर वायरमनकडून करून घ्या. वरच्या बाजूला एक-एक इंचाची चार-पाच भोकं पाडा म्हणजे गरम हवा बाहेर जाईल.

बल्ब एलईडीच हवेत, जुने तारेचे किंवा हॅलोजन अजिबात नकोत. ते पुठ्ठा आणि कागद पेटवू शकतात. एलईडीसुद्धा बुडाशी तापतो, म्हणून बल्ब आणि पुठ्ठा यांच्यात चारही बाजूंनी चार इंच मोकळे ठेवा आणि काम झालं की खोका बंद करा. ९ किंवा १२ वॅटचे दोन पुरतात. ९ वॅटचा बल्ब ८०० ते ९०० ल्यूमेनच्या घरात उजेड देतो. ४०००के घ्या किंवा ६५००के, पण दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे आणि एकाच वेळी घेतलेले असू द्या. खोक्यावर सीआरआय किंवा आरए असा आकडा असेल तर तो नक्की बघा. रंग किती खरे दिसतील, हे तो सांगतो. साध्या बल्बचा ८० असतो, ९० किंवा जास्त मिळाला तर चार पैसे जादा द्या. ८० वाले बल्ब गडद लाल रंगात कमी पडतात आणि आपलं सगळं जेवण तर लालच: तर्री, ठेचा, लसणाची चटणी. लाल कमी पडला की तर्री विटकरी दिसते, मग तुम्ही ॲपमध्ये रंग वाढवता आणि भाकरी केशरी होते. जळगावला गोलाणी मार्केटकडे जाणं होत असेल तर तिथे विचारून बघा.

तोंडाला बटर पेपर लावायचा. स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगसाठी मिळतो तो, स्वयंपाकाचा अरुंद रोल नको. सुरकुती न पाडता, ताणून. बल्बच्या टोकापासून कागद किमान सहा इंच पुढे असावा. आता परीक्षा घ्या. बल्ब लावा, फोनचा कॅमेरा खोक्याच्या तोंडाकडे धरा, स्क्रीनवर बोट टेकवून उजेडाची पट्टी अगदी खाली ओढा. कागदावर दोन झगझगीत गोळे दिसत असतील तर उजेड अजून बल्बाएवढाच लहान आहे. मग कागदाच्या पुढे दोन इंचांवर पातळ पांढऱ्या कापडाचा आणखी एक पडदा टाका. कडा आणि मधला भाग जवळजवळ सारखे दिसले की खोका तयार. एवढं सगळं हजारात सहज बसतं.

हा खटाटोप कशासाठी, तर उजेडाचा मऊपणा दिव्याच्या वॅटवर नसतो. ताटाच्या मानाने दिवा किती मोठा दिसतो, त्यावर असतो. १८ इंचांचा खोका सहा इंचांच्या वाटीपासून दीड फुटावर असला की वाटीला तो आभाळासारखा वाटतो आणि सावलीची कड हळूच विरते. तोच खोका पाच फूट लांब नेला तर सावली सुरीने कापल्यासारखी येते. उजेड जास्त वाटला की लोक दिवा लांब करतात, आणि तिथेच फसतात. लांब केल्याने उजेड कमीही होतो आणि कडकही होतो. जास्त वाटला तर खोका तिथेच ठेवा, फोनमधला उजेड कमी करा.

मांडणी अशी. टेबल भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा. वाटी मध्ये. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही सहावर आहात, खोका दहावर ठेवा, वाटीपासून दीड फूट अंतरावर. खालची कड वाटीच्या काठाच्या पातळीला, तोंड वाटीकडे किंचित झुकलेलं. चारवर, वाटीपासून अर्ध्या फुटावर पांढऱ्या थर्माकोलचा फूटभर उंच तुकडा उभा करा. खोक्याचा उजेड त्याच्यावर आपटून वाटीच्या अंधाऱ्या बाजूला परत येतो. थर्माकोल जवळ आणला की सावली फिकी, लांब नेला की गडद. त्याच्या जागी काळा चार्ट पेपर ठेवला की सावली आणखी खोल होते. त्याचाही उपयोग आहे, पुढे भरिताच्या वेळी सांगते. तर्रीवर पांढरा चकाकणारा पट्टा फार रुंद झाला तर खोका दहावरून नऊकडे सरकवा, रस्सा मेला तर अकराकडे. पंखा आणि कूलर बंद. पडदा हलला की चमक हलते, कोथिंबीर उडते आणि रश्श्यावर साय धरते.

रिंग लाइट आधीच घेतला असेल तर वाया नाही. त्याच्या पुढे फूटभर अंतरावर पांढरं धोतर ताणा आणि त्यालाच दहावर उभा करा. कडं दिसेनासं होतं.

फोनकडे वळू. लेन्स पुसा. हे मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते, कारण स्वयंपाकघरात फोनच्या लेन्सवर तेलाचा हात लागलेला असतोच. फोटो धुकट येण्याचं आणि दिव्यांभोवती रेषा फुटण्याचं कारण बहुतेक वेळा तेच. जुन्या मऊ सुती कापडाने पुसलं तरी चालतं.

जवळ जाऊन फोटो घेऊ नका. फोनची मुख्य लेन्स रुंद असते. सहा इंचांवरून गोल वाटी अंड्यासारखी होते आणि पुढची कड फुगते. दीड-दोन फूट मागे या आणि २एक्स वापरा. त्यापुढचा झूम बहुतेक फोनमध्ये नुसता फोटो ताणतो, तो नको. पदार्थाच्या ज्या जागी नजर जायला हवी, म्हणजे पुढच्या शेवेवर किंवा बट्टीच्या कापावर, तिथे बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतात. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फोन गडद पदार्थाला उगाच उजळ करतो आणि पांढऱ्याला मळका. म्हणून काळ्या मसाल्याच्या रश्श्याला उणे ०.३ ते उणे ०.७, मांडे किंवा साध्या भाताला अधिक ०.३ ते ०.७. पोर्ट्रेट मोड टाळा. त्याला भाकरीची ओबडधोबड कड कळत नाही, तो तिचा अर्धा पापुद्रा धुसर करून टाकतो.

प्रो मोड असेल तर आयएसओ (फोन उजेडाला किती संवेदनशील राहतो तो आकडा) १०० ते ४०० मध्ये ठेवा आणि शटर (फोन किती वेळ उजेड आत घेतो तो सेकंदाचा भाग) १/५० किंवा १/१००. हे आकडे मनाचे नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर त्याहून जलद ठेवलं तर फोटोत आडवे गडद पट्टे येतात. १/५० ला हात हलतो, म्हणून फोन टेकवा. दोन उभे डबे आणि त्यांच्यामध्ये तांदळाची छोटी पिशवी एवढा आधार पुरतो. तीन सेकंदांचा टायमर लावा. रंगासाठी वाटीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या, तो कागद पांढरा दिसेपर्यंत के-चा आकडा फिरवा आणि मग त्याला हात लावू नका. प्रो मोड नसेल तरी हा कागदाचा फोटो काढाच, नंतर ॲपमध्ये रंग दुरुस्त करायला तोच मोजमाप ठरतो.

तर आतापर्यंत: एक दिवा, मोठा आणि जवळ, तबकडीच्या दहावर, समोर थर्माकोल, बाकी अंधार, फोन मागे, टेकवलेला, उजेड आणि रंग अडकवलेला. हे रोज तसंच मांडायचं असेल तर टेबलावर चिकटपट्टीने खुणा करून ठेवा, दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांत लागतं.

भांडी आणि पार्श्वभूमी. स्टीलच्या वाटीत अख्खं स्वयंपाकघर दिसतं, तुमचा हात आणि गाऊनसुद्धा. मातीची, जुनी पितळी किंवा बिनचकाकीची चिनी मातीची वाटी घ्या. स्टीलच हवं असेल तर तिच्याभोवती, फोटोच्या चौकटीबाहेर पांढरे कागद उभे करा म्हणजे तिच्यात पांढरंच दिसेल. ओट्याचा पॉलिश केलेला कडप्पा चमकतो. त्याची खरखरीत उलटी बाजू, शहाबादी फरशी, जुना लाकडी पाट किंवा धुतलेलं गोणपाट चांगलं. रेक्झिनचं टेबलक्लॉथ काढून ठेवा. केळीचं पान आपल्याकडे मुबलक, पण दोन गोष्टी सांभाळा: पानाची चकाकी दहावरच्या दिव्यात पांढरी पडते आणि पानावरचा पांढरा भात हिरवा होतो. पान वापरायचं तर त्यावर भाकरी, ठेचा, भरीत ठेवा आणि भात वाटीत.

आता एकेक पदार्थ. शेवभाजीला वेळ हा खरा शत्रू आहे. शेव जाड असली तरी रश्श्यात पडल्यावर दोन-तीन मिनिटांत फुगायला लागते, तिच्या कडा जातात आणि वर लापशी दिसते. म्हणून आधी त्याच वाटीत साधं वरण घालून सगळी मांडणी आणि फोकस पक्का करा. मग वाटी पुसून गरम रस्सा काठापासून अर्धा इंच खाली येईल इतका ओता. दोन मिनिटं थांबा, तर्री वर येते. ती आली नाही तर पातेल्यातली एक चमचा तर्री काठाच्या मागच्या बाजूने सोडा, मागच्या, कारण दिवा तिकडे आहे. ओल्या फडक्याने काठ पुसा. फोन तयार असताना मूठभर शेव मधोमध टाका, पूर्ण झाकू नका, भोवती दोन बोटं रस्सा दिसला पाहिजे. कोथिंबिरीची चार-पाच पानं, एकावर एक नाहीत अशी. मग मिनिटभरात आठ-दहा फोटो. रस्सा गार होऊन तेलाचा पापुद्रा मंद झाला तर ती वाटी परत करू नका, नवा गरम रस्सा घ्या. कोन ३० ते ४५ अंश. सरळ वरून घेतली की रश्श्याची खोली जाते.

काही जण वाटीत खाली छोटी वाटी पालथी घालून ऐवज वर आणतात. विक्रीच्या फोटोत हे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाइकाला वाटीभर भाजी दिसते आणि डब्यात अर्धी येते. चकाकीसाठी डिंक, ग्लिसरीन वगैरे लावण्याचंही तेच. पदार्थ डब्यात जसा जाणार आहे तसाच तो चांगला दिसायला हवा, आणि नीट उजेडात तो दिसतोच.

भरिताची अडचण बरोबर उलटी. त्याला चमक नाही आणि आकारही नाही, म्हणून समोरच्या उजेडात तो राखाडी गोळा होतो. इथे खोका नऊवर आणा आणि खाली घ्या, इतका की त्याचा मध्य भरिताच्या पातळीपेक्षा जेमतेम चार-पाच इंच वर राहील. उजेड आडवा सरपटत गेला की प्रत्येक रेषा, दाणा, मिरचीचा तुकडा आपली बारीक सावली टाकतो आणि लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत मिक्सरमधून काढलेल्या लगद्यापेक्षा वेगळं ओळखू येतं. थर्माकोल काढून टाका, सावली तरी फिकी वाटली तर तीनवर काळा चार्ट पेपर ठेवा. भरीत डावाने थापू नका. चमच्याने सैल टाकून मध्ये एक खळगा करा, त्यात फोडणीचं तेल थोडं साठू द्या. तेवढीच चमक त्याला हवी. कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आधी आत मिसळलेले असतात, त्यातले थोडे बाजूला काढून शेवटी वरून घाला, कारण मिसळलेली पात गरम भरितात पाच मिनिटांत काळवंडते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा फिका हिरवा, पांढऱ्या रेषांचा रंगच त्याची ओळख. एक कच्चं वांगं देठासकट मागे, किंचित धुसर ठेवा. जांभळं वांगं भाजून भरीत करणाऱ्यांपेक्षा तुमचं वेगळं आहे, हे एका नजरेत कळतं. बाजूला वांगी भाजायच्या, कापसाच्या झाडाच्या वाळक्या काड्या दोन-तीनच ठेवा, जुडगा नको.

कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडदाची, रंगाने राखट. राखट फरशीवर ती दिसेनाशी होते. गडद पाटावर किंवा लाल ठेच्याशेजारी ठेवा, तीन-चारांची चळत करून वरची मोडा आणि चळतीच्या उंचीवरून, जवळजवळ आडव्या कोनात फोटो घ्या. बट्टीलाही हाच आडवा कोन. एक बट्टी हाताने फोडून आतले थर दिव्याकडे वळवा. तूप थंडीत वाटीतच थिजतं, म्हणून तापवून, क्लिकच्या आधी दहा सेकंद ओता. मांड्यांसाठी उजेड पूर्ण मागून, तबकडीच्या बारावर. एक मांडा घडी न घालता अर्धवट उचलून धरला की त्यातून उजेड आरपार येतो आणि खापरावरचे तपकिरी ठिपके दिसतात. हात दुसऱ्या कुणाचा तरी घ्या, फोन तुमच्याकडे राहू द्या. मांडे गार झाले की मरगळतात, तेव्हा खापरावरून थेट.

वाफेबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं. वाफ दिसते ती हवेत गार होऊन तिचे बारीक थेंब होतात म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर चाळिशीच्या आसपास तापलेलं असताना ती हवेतच विरते, कितीही गरम रस्सा असला तरी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तीच वाटी भरभरून वाफ दाखवते. तेव्हा मागे काळा चार्ट पेपर आणि दिवा अकरावर ठेवा. मागे पांढरं असेल तर वाफ त्यात हरवते. उन्हाळ्यात वाफेच्या मागे लागू नका, तेवढ्या वेळात कांदा पाणी सोडतो आणि कोथिंबीर मान टाकते.

ॲपमध्ये फार काही करू नका. रंगाची ऊब कागदाच्या फोटोवरून दुरुस्त करा, सावल्या थोड्या उजळा, कड कापा. सॅच्युरेशन वाढवलं की तर्री प्लॅस्टिकसारखी होते आणि पात फ्लोरोसंट दिसते. लाल कमी वाटत असेल तर दोष बल्बात आहे, तो बदला.

आणि पाठवताना: व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात शेव एकमेकींना चिकटते. पाठवताना एचडी निवडा. स्टेटस उभं असतं, म्हणून त्यासाठी एक फोटो मुद्दाम उभा घ्या आणि वरची एक तृतीयांश जागा रिकामी सोडा, तिथे दर आणि वेळ लिहिता येते. गटात टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या साध्या फोनवर पाठवून, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून बघा. गिऱ्हाईक तो तसाच बघणार आहे. तिथे रस्सा काळा वाटला तर ॲपमध्ये उजळत बसू नका, खोका दहावरून अकराकडे दोन इंच सरकवा आणि गरम रश्श्याची दुसरी वाटी भरा.